मिल्क थिसल आणि सिलिमरीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यकृतासाठी 'सिलिमरीन'ची, म्हणजे मिल्क थिसलच्या बियांतल्या औषधी द्रव्याची, गोळी सुरू झाली, कुणी परदेशातून बियांची पिशवी आणली किंवा बांधावर पांढऱ्या रेषांचं काटेरी झाड दिसलं, की प्रश्न येतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळख आणि वापर आहे, अवघड व अपवादाच्या गोष्टी पुढे आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिल्क थिसल म्हणजे नक्की कोणतं झाड?

भूमध्य समुद्राच्या काठचं हे एक काटेरी रोप. शास्त्रीय नाव सिलिबम मॅरिॲनम. दक्षिण युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया हा त्याचा मूळ प्रदेश. झेंडू, सूर्यफूल आणि करडई यांचंच हे कूळ, आणि त्यातही करडईशी याचं नातं जास्त जवळचं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये त्याला 'कार्डुअस' या गटात ठेवलं होतं. पुढे ते 'सिलिबम'मध्ये गेलं. त्यामुळे जुन्या ग्रंथांत आणि होमिओपॅथीच्या बाटल्यांवर 'कार्डुअस मॅरिॲनस' असं नाव दिसतं. झाड तेच. सिलिबमच्या दोनच जाती आहेत आणि औषधात वापरतात ती हीच.

२. ते ओळखायचं कसं?

पानावरून. कोवळ्या रोपाची पानं जमिनीलगत गोल पसरतात, हातभर लांब होऊ शकतात. गडद हिरव्या, चकचकीत पानावर शिरांच्या कडेने दुधासारखे पांढरे पट्टे असतात. पानाची कड नागमोडी आणि पिवळसर काट्यांची. मग मधून दांडा निघतो, तो कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत कितीही जातो. दांड्याच्या टोकाला एकेकटं जांभळट गुलाबी बोंड येतं आणि त्याच्या खालच्या जाड उपपर्णांना बाहेर वळलेले लांब, टणक काटे असतात. हे काटे पक्की खूण आहेत.

बी सहा-सात मिलिमीटर लांब, चपटं, गुळगुळीत, तपकिरी ते काळं असतं आणि वरच्या टोकाला फिकट पिवळी कडी असते. बियांना पांढऱ्या केसांचा झुपका असतो खरा, पण तो सहज गळून पडतो. विकत घेतलेल्या बियांत केस दिसले नाहीत म्हणून शंका घेऊ नका.

३. आमच्या बांधावर पांढऱ्या शिरांचं काटेरी झाड आहे. तेच का हे?

महाराष्ट्रात असाल तर जवळजवळ नक्कीच नाही. तो पिवळा धोत्रा. हा फरक जिवावर बेतू शकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिवळ्या धोत्र्याची पानंही काटेरी आणि शिरांवर पांढुरकी असतात. पण त्याची देठ मोडली की पिवळा चीक येतो, फूल पातळ पाकळ्यांचं आणि पिवळं असतं, फळ म्हणजे काटेरी बोंडी आणि तिच्यात मोहरीसारखे बारीक, काळे, गोल दाणे. मिल्क थिसलला पिवळा चीक कधीच येत नाही, फूल जांभळट असतं आणि बी मोहरीच्या कितीतरी पट मोठं व चपटं असतं.

पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलात सँग्विनारीन हे विष असतं. मोहरीच्या तेलात ते मिसळलं गेलं की पाय सुजतात, दम लागतो, हृदय निकामी होऊ शकतं. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीने मोठी साथ आली होती आणि माणसं दगावली होती. तेव्हा बांधावरच्या झाडाचं बी 'लिव्हरसाठी' म्हणून कुणी वाटत असेल तर घेऊ नका आणि कुणाला देऊही नका.

४. ऑनलाइन 'ऊंटकटारा' नावाने बी मिळतं. ते चालेल का?

आधी पाकिटावरचं शास्त्रीय नाव वाचा. ऊंटकटारा या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक मिल्क थिसल. दुसरी आपल्याकडे माळरानावर दिसणारी उटकटारी, म्हणजे एकायनॉप्स, जिला निळसर पांढरे गोल काटेरी चेंडू येतात. उटकटारीच्या मुळाचे आपल्याकडे वेगळे उपयोग आहेत, पण तिच्यात सिलिमरीन नाही. पाकिटावर 'सिलिबम मॅरिॲनम' हे दोन शब्द आणि 'बी' किंवा 'फळ' हा भाग लिहिलेला नसेल तर ते पाकीट परत ठेवा.

५. आयुर्वेदात याचं नाव काय?

चरक-सुश्रुतात ही वनस्पती नाही. ती आपल्या भूमीतली नव्हे. यकृतासाठी आपली परंपरा कुटकी, भुईआवळी, पुनर्नवा यांची. त्यांच्या जागी मिल्क थिसल किंवा मिल्क थिसलच्या जागी त्या, अशी अदलाबदल करता येत नाही. घटक वेगळे, मात्रा वेगळ्या. मिल्क थिसलला एखादं संस्कृत नाव चिकटवून 'प्राचीन आयुर्वेदिक औषध' म्हणून कुणी विकत असेल तर ते चूक आहे.

६. मग मूळ प्रदेशात लोक ते कशासाठी वापरत?

आधी खाण्यासाठी. पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने लिहिलं आहे की कोवळं रोप उकडून तेल-मीठ लावून खातात, आणि मुळाचा रस मधाच्या पाण्यातून घेतला की उलटी होते. त्याच शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने चीक मधातून घेऊन पित्त काढण्याचा उल्लेख केला आहे. पित्ताशी असलेला हा संबंध पुढे सुटला नाही. मध्ययुगात मठांच्या बागांमध्ये हे रोप होतं. पानावरचे पांढरे डाग मेरीमातेच्या दुधाचे, अशी श्रद्धा होती, त्यामुळे बाळंतिणीला दूध यावं म्हणूनही ते देत (प्रश्न २० पाहा).

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वनौषधींचा जाणकार कल्पेपरने यकृत आणि प्लीहेतला अवरोध दूर करणारं, काविळीत देण्याचं औषध म्हणून त्याची शिफारस केली. १६९९ मध्ये जॉन एव्हलिनने सॅलडवरच्या पुस्तकात कोवळा दांडा सोलून, कडूपणा जाईपर्यंत पाण्यात ठेवून खाण्याची रीत दिली आहे.

या सगळ्यात बी मागे होतं. ते पुढे आणलं एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर योहान गॉटफ्रीड राडेमाखर यांनी. ते बियांचा अल्कोहोलमधला अर्क यकृत आणि प्लीहेच्या तक्रारींवर देत आणि तो अर्क त्यांच्याच नावाने ओळखला गेला. १९६८ मध्ये म्युनिकमध्ये हिल्डेबर्ट वॅग्नर यांच्या गटाने बियांतून सिलिमरीन वेगळं केलं. आजच्या गोळ्यांची सुरुवात तिथून.

७. औषधी भाग कोणता? पानांचा काढा केला तर?

बी. शास्त्राच्या भाषेत ते फळ आहे, पण व्यवहारात बीच म्हणतात. सिलिमरीन हा एकच पदार्थ नाही. सिलिबिन, आयसोसिलिबिन, सिलिक्रिस्टिन, सिलिडायनिन अशा जवळच्या घटकांचं ते मिश्रण आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा सिलिबिनचा. वाळलेल्या बियांत ते साधारण दीड ते तीन टक्के असतं, तेही मुख्यतः टरफलात. म्हणून सोललेलं बी विकत घेणं म्हणजे कामाचा भाग टाकून देणं.

पानांत ते नसल्यासारखंच आहे. परंपरेत पानांचा काढा भूक लागावी, पोट हलकं व्हावं यासाठी घेत. यकृतासाठी पानांची पूड किंवा रस विकला जातो, त्याला आधार नाही.

८. बियांचा चहा कसा करायचा?

युरोपीय औषधसंहितांमध्ये एका वेळी ३ ते ५ ग्रॅम बी सांगितलं आहे. एक चहाचा चमचा भरून बी साधारण साडेतीन ग्रॅम भरतं. पहिल्यांदा वजन करून पाहा, चमच्यांचे आकार फार वेगळे असतात.

बी निवडून घ्या, खडे आणि बुरशीचे दाणे काढा. खलबत्त्यात भरड कुटा. प्रत्येक दाण्याचे तीन-चार तुकडे झाले पाहिजेत, पीठ नको. पीठ झालं तर गाळणी तुंबते आणि चहा गढूळ, तेलकट होतो. भरडीवर १०० ते १५० मिलिलिटर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, दहा ते पंधरा मिनिटांनी गाळा. जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून दोन-तीनदा. चव किंचित कडसर, थोडी तेलकट. बडीशेप किंवा पुदिना घालायला हरकत नाही, जर्मनीत पुदिना घालतातच. वर तेलाचा पातळ तवंग येतो, तो बियांच्याच तेलाचा असतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अख्खं बी भिजत घालणं. टरफल इतकं टणक असतं की पाणी आत जात नाही आणि गिळलेलं अख्खं बी तसंच बाहेर पडतं. दुसरी चूक, आठवड्याची भरड एकदम करून ठेवणं. फुटलेल्या बियांतलं तेल हवेत खवट होतं. रोजची भरड रोज कुटा.

एक गोष्ट स्पष्ट असावी. सिलिमरीन पाण्यात फारच थोडं विरघळतं. चहातून त्याचा लहानसा अंश मिळतो. जेवणानंतरची जडता, पोट भरल्यासारखं वाटणं, अपचन यासाठी हा चहा परंपरेने घेतात, आणि त्याच कामासाठी तो घ्यावा. गोळीला पर्याय म्हणून नाही.

९. चहाऐवजी पूड खाल्ली तर जास्त उपयोग होईल?

हो, कारण बी पूर्ण पोटात जातं. जर्मनीच्या 'कमिशन ई' या वनौषधी तपासणाऱ्या सरकारी समितीने दिवसाला १२ ते १५ ग्रॅम बी सांगितलं आहे. दोन टक्के धरले तर १२ ग्रॅममध्ये सुमारे २४० मिलिग्रॅम सिलिमरीन येतं. एकदम १२ ग्रॅम घेऊ नका, जुलाब होतील. ३ ग्रॅमपासून सुरू करा, दर दोन-तीन दिवसांनी वाढवा, दिवसभरात तीन भाग करा. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पूड भांड्याला चिकटते. ताकात किंवा दह्यात कालवून घेता येते.

दोन आठवड्यांत पोटाची तक्रार कमी झाली नाही तर पूड वाढवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. १८ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.

१०. अल्कोहोलमधला अर्क घरी करता येईल का?

रीत अशी: एक भाग भरड बी, पाच भाग ६० ते ७० टक्क्यांचं अल्कोहोल, दोन आठवडे बंद बाटलीत, रोज हलवायचं, मग गाळायचं. पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये सिलिमरीन बरंच चांगलं उतरतं. तरीही घरी करू नये असंच आमचं मत आहे. इतकं तीव्र आणि पिण्यायोग्य अल्कोहोल सहज मिळत नाही, आणि दुकानात मिळणाऱ्या औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं. शिवाय ज्याला यकृताचा त्रास आहे त्याने अल्कोहोलमधलं औषध घेण्यात अर्थ नाही. कारखान्यात आधी बियांतलं तेल दाबून काढतात, मग ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट किंवा इथेनॉलने अर्क काढतात आणि द्रावक पूर्ण उडवून टाकतात. स्वयंपाकघरात हे होत नाही.

११. मिल्क थिसलचं तेल घेतलं तर?

बियांत २० ते ३० टक्के तेल असतं आणि त्यात लिनोलेइक आम्ल सर्वांत जास्त, करडईच्या तेलासारखं. खायला चांगलं तेल आहे. पण सिलिमरीन तेलात जवळजवळ उतरत नाही, ते पेंडेत राहतं. तेलाच्या बाटलीवर 'यकृतरक्षक' लिहिलेलं असलं तरी त्याचे जादा पैसे देऊ नका.

१२. एका गोळीवर १४० मिलिग्रॅम, दुसरीवर १७५ मिलिग्रॅम. कोणती जास्त ताकदीची?

दोन्ही सारख्या असू शकतात. 'सिलिमरीन १४० मिलिग्रॅम' म्हणजे प्रत्यक्ष सिलिमरीन. '१७५ मिलिग्रॅम अर्क, ८० टक्के सिलिमरीन' म्हणजे १७५ चे ८० टक्के, पुन्हा १४० च. तिसरा प्रकार 'मिल्क थिसल पावडर ५०० मिलिग्रॅम'. त्यात टक्केवारी नसेल तर ती बहुधा नुसती बियांची पूड, म्हणजे फार तर १५ मिलिग्रॅम सिलिमरीन. मोठा आकडा पाहून हाच डबा उचलला जातो. टक्केवारी लिहिलेली नसेल तर तुलनाच करता येत नाही, तो डबा घेऊ नका.

१३. फॅटी लिव्हरला खरंच उपयोग होतो का?

थोडा होऊ शकतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही.

माणसांवरच्या चाचण्या दोन्ही बाजूंच्या आहेत. १९८९ मध्ये ऑस्ट्रियात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिरॉसिसच्या (यकृतात कायमचे चट्टे पडण्याच्या आजाराच्या) १७० रुग्णांपैकी काहींना रोज तीनदा १४० मिलिग्रॅम सिलिमरीन दिलं. चार वर्षांनी त्या गटातले ५८ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. सिलिमरीनची कीर्ती बरीचशी या निकालावर उभी आहे. पण १९९८ मध्ये स्पेनमध्ये दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २०० जणांवर असाच प्रयोग झाला आणि जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हिपॅटायटिस सी असलेल्या १५४ अमेरिकी रुग्णांना नेहमीपेक्षा कितीतरी मोठी मात्रा २४ आठवडे दिली. २०१२ मध्ये निकाल आला: एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारा रक्तातला आकडा) खोटी गोळी घेतलेल्यांइतकीच राहिली. फॅटी लिव्हरमध्ये सूज असलेल्यांवर मलेशियात ४८ आठवड्यांची चाचणी झाली (२०१७). मुख्य कसोटीत सिलिमरीन उतरलं नाही, यकृतातल्या चट्ट्यांमध्ये मात्र सुधारणेची चिन्हं दिसली. लहान चाचण्यांमध्ये एसजीपीटी, एसजीओटी थोड्या उतरतात, हे बऱ्याचदा दिसलं आहे.

म्हणजे डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर घ्या. पण फॅटी लिव्हरमध्ये सर्वांत भक्कम पुरावा आहे तो वजन उतरवण्याचा. वजन ७ ते १० टक्के कमी झालं की यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. ८० किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो. गोळी सुरू झाली म्हणून चालणं बंद करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचंच नुकसान होतं.

१४. घरात कावीळ झाली आहे. हे सुरू करू का?

नाही. आधी रक्त तपासा. कावीळ हे लक्षण आहे. तिच्यामागे दूषित पाण्यातून आलेला हिपॅटायटिस ए किंवा ई असेल, पित्तनलिकेत अडकलेला खडा असेल, एखाद्या औषधाची बाधा असेल. खड्याला वेगळा उपचार लागतो आणि उशीर झाला तर जंतुसंसर्ग होतो. ए आणि ई बहुतेक वेळा आपोआप बरे होतात, म्हणून त्या काळात जे औषध दिलं जातं त्याला श्रेय मिळतं. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर तो फार धोक्याचा असतो. झोपेची वेळ उलटसुलट होणं, असंबद्ध बोलणं, रक्तस्राव, सतत उलट्या यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

१५. दारू पिण्याआधी गोळी घेतली तर यकृत वाचतं का?

वाचत नाही. असं संरक्षण मिळतं याचा पुरावा नाही.

१६. होमिओपॅथीचं 'कार्डुअस मॅरिॲनस' आणि सिलिमरीनची गोळी एकच का?

झाड एक, औषध वेगळं. '३० सी', '२०० सी' अशा विरल औषधांत सिलिमरीन उरलेलं नसतं. मदर टिंक्चर म्हणजे बियांचा अल्कोहोलमधला अर्क, त्यात थोडं सिलिमरीन असतं पण किती ते बाटलीवर नसतं. दहा-वीस थेंबांतून मिळणारी मात्रा गोळीच्या जवळपासही जात नाही. दारू सोडलेल्या रुग्णाला कोणतंही टिंक्चर देण्याआधी त्यात अल्कोहोल आहे हे लक्षात घ्या.

१७. टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि एसजीपीटी वाढली आहे. सिलिमरीन घेऊन टीबीचे औषध चालू ठेवू का?

हे तुम्ही स्वतः ठरवू नका. टीबीच्या काही औषधांनी यकृताला इजा होते, आणि आकडे किती वाढले त्यावर औषधं थांबवायची की बदलायची हे डॉक्टर ठरवतात. सिलिमरीनने ही इजा टळते का, यावर थायलंडमधल्या लहान चाचणीत फायदा दिसला, चीनमधल्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. ते 'कवच' समजून तपासणी पुढे ढकलू नका. आणि मनाने टीबीची औषधंही थांबवू नका, त्यातून औषधाला दाद न देणारा टीबी होतो.

१८. बाकी कोणत्या औषधांबरोबर सांभाळायचं?

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन: सिलिमरीनने साखर आणखी उतरू शकते, पहिले काही आठवडे जास्त वेळा मोजा. रक्तदाबासाठी लोसार्टान: काही लोकांत त्याचं शरीरातलं प्रमाण वाढतं. अवयवरोपणानंतरचं सिरोलिमस: प्रमाण वाढू शकतं, इथे डॉक्टरांशिवाय अजिबात नको. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा आणि सुरू केल्यावर आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासा. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना ही गोळीही सांगायची असते, 'हर्बल आहे' म्हणून वगळायची नसते.

१९. दुष्परिणाम कोणते? गाजर गवताची ॲलर्जी आहे, चालेल का?

बहुतेकांना काही होत नाही. झालंच तर पोट सैल होतं, मळमळ, गॅस. मात्रा कमी केली की थांबतं.

ॲलर्जीची गोष्ट महाराष्ट्रात जास्त महत्त्वाची आहे. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं गाजर गवत आज सगळीकडे आहे आणि मिल्क थिसल त्याच कुळातलं आहे. ज्यांना गाजर गवत, शेवंती किंवा झेंडूने अंगावर पुरळ येतं, शिंका किंवा दमा होतो, त्यांना मिल्क थिसलनेही होऊ शकतं. अशांनी बी कुटणं, पूड चाळणं टाळावं, कारण धूळ नाकात जाते. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. ओठ सुजले, घसा आवळला, श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना.

२०. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, ते योग्य का?

परंपरा जुनी आहे (प्रश्न ६), पुरावा तुटपुंजा. दूध कमी वाटतं तेव्हा बाळ नीट तोंडात धरतं का, रात्रीही पाजलं जातं का, हे आधी पाहावं लागतं. गरोदरपणात मात्र घेऊ नये, त्या काळातल्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती उपलब्ध नाही.

२१. त्याची भाजी करता येते का?

येते. पॅलेस्टाइन आणि आसपासच्या डोंगराळ भागात हिवाळ्याच्या शेवटी कोवळे दांडे सोलून कच्चे खातात. ओळख पक्की असेल आणि रोप तुमच्या हातचं असेल तरच करा. जाड हातमोजे घाला. कोवळ्या पानाची काटेरी कड कात्रीने दोन्ही बाजूंनी पूर्ण कापा, मधली शीर आणि गर ठेवा, उकडून पाणी टाकून द्या. दांडा फुलं येण्याआधीचा घ्या, साल तंतूंसकट ओढून काढा आणि तासभर पाण्यात ठेवा. न उमललेल्या बोंडाचा तळ आर्टिचोकसारखा खातात, पण हाताशी येतो तो घास लहान आणि काटे पुष्कळ.

भरपूर खत दिलेल्या शेतातलं किंवा गोठ्याजवळचं रोप खाऊ नका. कारण प्रश्न २४ मध्ये आहे.

२२. बी किती दिवस टिकतं? थोडा कुबट वास येतो, वाळवून वापरू का?

टाकून द्या. वाळवल्याने बुरशी मरेल, तिने तयार केलेलं विष जाणार नाही. २०१५ मध्ये चेक संशोधकांनी मिल्क थिसलच्या ३२ पूरक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात फ्युझेरियम आणि अल्टरनेरिया बुरशींची विषं मोठ्या प्रमाणात सापडली. यकृतासाठी घेतलेल्या वस्तूत यकृताला त्रास देणारं विष, हे आम्हाला या विषयातलं सर्वांत गंभीर वाटतं. बोंडं एकाच वेळी पिकत नाहीत, पाऊस किंवा दव लागलं की पिकलेल्या बोंडात बुरशी धरते, आणि केसांचा झुपका ओल धरून ठेवतो.

अख्खं, कोरडं बी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधारात वर्षभर चांगलं राहतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं.

२३. महाराष्ट्रात लावता येईल का?

थंडीचं पीक आहे. मूळ प्रदेशात ते शरदातल्या पहिल्या पावसावर उगवतं, हिवाळाभर पानं वाढवतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकतं. आपल्याकडे करडईच्या वेळी, रब्बीत पेरणी हाच तर्क. बी दोन सेंटिमीटर खोल, दोन ओळींत दोन फूट, रोपांत एक फूट. ताजं बी काही महिने सुप्त असतं, उगवलं नाही म्हणून वाईट समजू नका. पाणी साचणारी जमीन नको.

काढणीची वेळ चुकते ती अशी: सगळी बोंडं पिकण्याची वाट पाहिली तर पहिल्या बोंडांतलं बी गळून गेलेलं असतं. बोंडाची काटेरी उपपर्णं वाळली आणि मधे पांढरे केस दिसू लागले की ते बोंड कापा, कागदी पिशवीत उलटं टांगा.

मोठ्या क्षेत्रावर लावण्याआधी मात्र विचार करा. एका बोंडात शंभराच्या वर बी येतं, जमिनीत ते नऊ वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं, आणि हिमालयाच्या पायथ्याशी व पंजाबच्या बाजूला ते तण म्हणून रुजलेलं आहेच. कुंडीत लावा आणि एकही बोंड झाडावर सुटू देऊ नका. गाजर गवताने आपलं किती नुकसान केलं ते समोर आहे.

२४. जनावरांनी खाल्लं तर?

गाई-मेंढ्यांना धोका असतो. सुपीक, शेणखताच्या जमिनीत हे रोप नायट्रेट साठवतं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ढगाळ हवा किंवा तणनाशक फवारल्यानंतर नायट्रेट आणखी वाढतं, आणि कोमेजलेलं झाड जनावरांना जास्त आवडतं. धाप, अडखळणं, चॉकलेटी रक्त ही लक्षणं दिसली तर पशुवैद्यकांना बोलवा. मिथिलिन ब्लू हा त्यावरचा उतारा, तो तेच देतात.

२५. कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियात अंगणात उगवलंय. ठेवू का काढू?

काढा. दोन्हीकडे ते पसरलेलं तण आहे, आणि अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात तर त्याचा समूळ नायनाट करणं कायद्याने बंधनकारक आहे. फुलं येण्याआधी सोटमूळ जमिनीखाली तीन-चार इंचांवर तोडलं की पुन्हा फुटत नाही. फुलं आली असतील तर बोंडं आधी कापून पिशवीत बंद करा. कापलेल्या बोंडातही बी पिकतं, म्हणून कंपोस्टमध्ये टाकू नका.

२६. ग्रीस-मोरोक्कोकडे फिरताना दिसलेलं असंच काटेरी झाड औषधी असेल का?

उपटू नका. त्या भागात पिवळ्या फुलांचं, कडू 'ब्लेस्ड थिसल' आहे, भाजीचं 'गोल्डन थिसल' आहे, आर्टिचोकचा रानटी भाऊ कार्डून आहे, आणि अट्रॅक्टिलिस गुम्मिफेरा नावाचं जीवघेणं झाडही आहे. शेवटच्याची पानं जमिनीलगत, फूल गुलाबी आणि मूळ गोडसर असतं. मुलं ते आर्टिचोक समजून चघळतात. उत्तर आफ्रिकेत यामुळे मृत्यू होतात, कारण त्यातलं विष थेट यकृत आणि मूत्रपिंड निकामी करतं आणि त्यावर उतारा नाही.

२७. विषारी अळंबी खाल्ल्यावर सिलिमरीन देतात असं वाचलं. घरात गोळ्या आहेत, त्या देऊ का?

नाही. तिथे वापरतात ते शिरेतून देण्याचं सिलिबिनचं खास क्षाररूप औषध. दिवसाला वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम, रुग्णालयात, चार भागांत. 'डेथ कॅप' अळंबीचं विष यकृतपेशीत ज्या दारांनी शिरतं ती दारं सिलिबिन अडवतं. गोळीतलं सिलिमरीन आतड्यातून कमी आणि हळू शोषलं जातं आणि उलट्यांत तर टिकतही नाही.

अशा विषबाधेत उलट्या-जुलाब खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि मग यकृत कोसळतं. रानातली अळंबी खाल्ल्यानंतर उशिरा उलट्या लागल्या तर बरं वाटेपर्यंत थांबू नका. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून बरोबर घ्या, ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सगळ्यांना घेऊन रुग्णालयात जा, त्रास नसलेल्यांनाही.